सुकाणूवरचा फोटोग्राफर

माझे सासरे पंधरा वर्षं नौदलात होते आणि त्यातली पहिली दोन वर्षं त्यांना बोट लागत होती. हे त्यांनी स्वतः कधी कुणाला सांगितलं नाही. सासूबाईंनी सांगितलं. मी लग्न होऊन मुलुंडला आले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात, मेथी निवडता निवडता, आणि तेही सासऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "मोठे आरमारवाले! बादली हातात घेऊन फिरायचे म्हणे जहाजावर." पेपरातून डोकं वर न काढता सासरे म्हणाले, "सगळ्यांनाच लागते." गेल्या वर्षी ते गेले तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकाने त्यांच्या शिस्तीबद्दल सांगितलं. मी माना डोलावत होते आणि मनात ती बादली घेऊन फिरणारा अठरा वर्षांचा पोरगा बघत होते.

मी त्यांना पप्पा म्हणायचे. त्यांचे वडील मालवणकडून येऊन गिरणीत लागलेले. परळच्या एका खोलीत नऊ माणसं. पप्पा म्हणायचे, जहाजावर झोपायला जेवढी जागा मिळाली तेवढी आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली, म्हणून मी टिकलो. बोट लागायची थांबली तशी त्यांना टेहळणीला उभं करायला लागले, कारण त्यांची नजर. बाकीच्यांना दुर्बिणीतून दिसायचं ते यांना नुसत्या डोळ्यांनी दिसायचं, अशी जहाजभर ख्याती. त्या नजरेमुळेच एका साहेबाने त्यांच्या हातात कॅमेरा दिला. जहाजावर पाहुणे आले, कवायत झाली, कुणाला बक्षीस मिळालं की फोटो यांनी काढायचे. तेहतिसाव्या वर्षी पेन्शन घेऊन बाहेर पडले आणि मुलुंड पूर्वेला एका सोसायटीच्या तळमजल्यावर गाळा घेऊन फोटो स्टुडिओ टाकला.

तो स्टुडिओ म्हणजे जमिनीवर उतरलेलं जहाजच होतं. सकाळी फरशी घासून धुवायची, तिला डेक म्हणायचं. प्रत्येक वस्तूला खिळा आणि प्रत्येक खिळ्याला ठरलेली वस्तू. एका खिळ्यावर गडद निळा कोट असायचा, बिनकोटाच्या गिऱ्हाइकांसाठी. आमच्या भागातल्या निम्म्या पुरुषांच्या ओळखपत्रावर तोच कोट आहे. एका घरात मी बाप, दोन मुलं आणि जावई असे चौघंही त्याच कोटात भिंतीवर टांगलेले पाहिलेत. जावई जाडा होता, त्याला तो मागून चिमट्यांनी उघडा ठेवून घातला होता, हे मला आणि पप्पांनाच माहीत.

पण खरी गंमत होती ऑर्डर परत म्हणण्याची. पप्पांच्या जहाजावर साहेब वर ब्रिजवर उभा, त्याला समुद्र दिसतो. सुकाणू धरणारा खालच्या खोलीत, त्याच्यासमोर लोखंडी भिंत. त्याला बाहेरचं काही दिसत नाही. वरून ऑर्डर येते ती त्याने मोठ्याने, शब्द न शब्द, परत म्हणायची आणि मग चाक फिरवायचं. आपल्या मनाचं एक अक्षर घालायचं नाही. प्रत्येक खलाशाने कधी ना कधी ते केलेलं असतं आणि ते हाडात मुरतं. दुकानात गिऱ्हाईक म्हणालं, "आठ कॉपी, पांढरं बॅकग्राउंड," की पप्पा म्हणायचे, "आठ कॉपी, पांढरं बॅकग्राउंड!" घरी सासूबाई म्हणायच्या, "कोथिंबीर दोन जुड्या, आणि मागच्यासारखी पिवळी नको." पप्पा दारातून, "कोथिंबीर दोन जुड्या, मागच्यासारखी पिवळी नको!" आणि निघाले. सासूबाई मला डोळा मारायच्या. "परत कोण म्हणतंय ते बघ. म्हणजे घरात कॅप्टन कोण ते कळेल तुला."

मी कांदिवलीची. लग्नाआधी मोबाइलच्या दुकानात काउंटरला होते, त्यामुळे माणसांशी बोलायची सवय आणि भांडायचीही. नवऱ्याला कॅमेऱ्याचं काडीचं प्रेम नाही, तो भला आणि त्याचं ऑफिस भलं. मुलगी शाळेत जायला लागली तशी मी दुपारची दुकानात जाऊन बसायला लागले. आधी कॉम्प्युटरवर फोटो साफ करणं, मग छपाई, मग हळूहळू कॅमेरा. मला ते काम फार आवडलं. इतकं की संसारात तेवढं काही आवडलं नव्हतं, हे मी नवऱ्यासमोरही म्हणते. पण गिऱ्हाइकं यायची आणि माझ्या खांद्यावरून आत बघत विचारायची, "साहेब नाहीत का? साहेब काढतील ना फोटो?" मी दात विचकून म्हणायचे, "आहेत ना, बसा."

तीन-चार वर्षांपूर्वी आमचं वाजलं. दुकानात मागे एक रंगवलेला पडदा होता, बर्फाचे डोंगर, धबधबा आणि खाली का कुणास ठाऊक, एक मोर. मी पप्पांना न विचारता तो काढून गुंडाळून ठेवला. पप्पा एक शब्द बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून माझ्याशी बोलताना ते माझ्याकडे बघेनात. बोलायचे नीट, हसायचेही, पण नजर माझ्या डोक्याच्या वर, नाहीतर खांद्यापलीकडे भिंतीवर. मी मनात म्हटलं, एका मोरासाठी एवढा राग? मग मीही तुटक बोलायला लागले. चहा आणून आदळायचा, "हो" आणि "नाही"च्या पुढे जायचं नाही. चार महिने मी हे केलं, आणि आज लिहितानाही मला त्याची लाज वाटते.

मग एके दिवशी दुपारी एक काका आले. आमच्या भागात नुकतेच राहायला आलेले, मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी काउंटरवर आठ पासपोर्ट फोटो पसरले. सकाळी पप्पांनी काढून, छापून, कापून दिलेले. सकाळी मी घरी असायचे, ती वेळ पप्पांची एकट्याची. आठही फोटोंत काकांचे डोळे मिटलेले होते. अर्धवट नाही, चांगले शांत मिटलेले.

"पप्पा," मी म्हटलं, "हे काका झोपलेत."

पप्पांनी एक फोटो उचलला. तो समोर न धरता कानाजवळ नेला आणि तिरक्या नजरेने पाहिला. "त्यांचे डोळेच बारीक आहेत," ते म्हणाले.

काकांनी डोळे वटारून दाखवले. चांगले बशीएवढे होते. मी त्यांचा दुसरा फोटो काढून दिला, माफी मागितली, काका गेले. मग मी काउंटरवर हात आपटला. "पप्पा, आज माझ्याकडे बघून बोला. चार महिने झाले, मोर जाऊन."

"कसला मोर?" पप्पा खरंच गोंधळले. मग म्हणाले, "तुझ्याकडेच बघतोय गो. समोर बघितलं की तुझं डोकं जातं, नुसते खांदे राहतात. जरा बाजूला बघितलं की कडेने थोडी दिसतेस."

लेन्सच्या खोक्याखालून त्यांनी डॉक्टरांचा कागद काढून दिला. एक वर्षापूर्वीचा. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होत चालला होता. कडेचं दिसत राहणार, मधलं जाणार. चष्म्याने काही होणार नव्हतं. एकटेच जाऊन दाखवून आले होते आणि घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मला रडू फुटलं, आणि मी रडते तेव्हा ओरडते. "सांगायचं नाही? मी तुम्हाला चहा आदळत होते!"

"होय, सांडायचा थोडा," पप्पा म्हणाले.

मग त्यांनी मला शपथ घातली. घरी सांग, हवं तर. नवऱ्याला सांग. पण एका जागी कळता कामा नये. त्यांच्या जहाजावरचे जुने सोबती दर वर्षी जमायचे, आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये, आणि त्यांचा एकत्र फोटो पप्पा काढायचे. पंचवीस-तीस वर्षं हे चाललेलं. "जग म्हणू दे आंधळा," ते म्हणाले, "पण त्या लोकांत माझी नजर हीच माझी ओळख. बाकी होतं काय माझ्याकडे? बोट लागायची मला." दोन महिन्यांवर जमायचा दिवस होता. एवढा एक फोटो स्वतः काढायचा, मग कॅमेरा तुझ्या हातात देतो, असं त्यांनी मला सांगितलं.

नेमकं फोकस करायचं काम आता कॅमेराच करतो. पण मागच्या रांगेतला कोण झाकला गेला, कुणाचे डोळे मिटले, कोण शेजाऱ्याशी बोलतोय, हे माणसानेच बघावं लागतं. म्हणून आम्ही ठरवलं, मी त्यांच्या डाव्या खांद्याशी चिकटून उभी राहणार, हळूच सांगणार, आणि ते मोठ्याने बोलणार. कुणाला वाटेल सूनबाई दिवा धरायला आलीय. दुपारी जेवणाच्या तासाला दुकान बंद असतं तेव्हा आम्ही सराव करायचो. स्टुडिओत आठ खुर्च्या दोन रांगांत मांडल्या आणि प्रत्येक खुर्चीत एक उशी बसवली. एका उशीला तो निळा कोट घातला.

मी कुजबुजायचे, "पुढची रांग, दुसरी उशी, कललीय."

पप्पा गरजायचे, "पुढची रांग, दुसरी उशी, कललीय! सरळ बस!"

त्यात ते इतके रंगात यायचे की खरोखर उश्या सावरून बसतील असं वाटावं. एकदा सासूबाई डबा घेऊन आल्या आणि शटरखालून वाकून हे बघत राहिल्या. डोळ्यांचं त्यांना आम्ही सांगितलं होतं, सरावाचं नाही. पप्पा कोटवाल्या उशीला झापत होते. सासूबाईंनी डबा खाली ठेवला, म्हणाल्या, "एकाचे डोळे गेले, दुसरीचं डोकं गेलं," आणि एक खुर्ची रिकामी करून स्वतः जाऊन बसल्या, सरावाला. मुद्दाम डोळे मिटून.

जमायचा दिवस आला. बावीस म्हातारे, सगळे इस्त्रीच्या कपड्यांत. पप्पांचा सगळ्यात जवळचा दोस्त खारदांड्याचा कोळी, खाकी शर्टात, दर वर्षीप्रमाणे सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन आलेला. पप्पा हॉलमध्ये आवाजावरून माणूस ओळखत होते, ज्याच्या त्याच्या पाठीवर थाप मारत होते, कुणालाही संशय आला नाही. जेवणं झाली. दहा जण खुर्च्यांवर, बारा मागे उभे. पप्पा कॅमेऱ्यामागे आणि मी खांद्याशी.

"मागची रांग, उजवीकडून तिसरे, झाकले गेलेत," मी हळूच म्हटलं.

"मागची रांग, उजवीकडून तिसरा, झाकला गेलायस, पुढे ये!" पप्पांनी सफाईने फिरवून घेतलं. माणूस पुढे आला. मला हुरूप आला.

"पुढच्या रांगेत डावीकडून पहिले, मान खाली."

"पुढच्या रांगेत डावीकडून पहिला, मान वर!"

झकास चाललं होतं. एक फोटो झाला, दोन झाले. पण जसजसा वेग वाढला तसतशी पप्पांची जुनी सवय वर यायला लागली. मी सांगते आणि ते आपोआप, शब्द न शब्द, परत म्हणतात. आणि मी घाईत म्हणून गेले, "खाकी शर्टवाले काका हसत नाहीयेत."

पप्पा खणखणीत आवाजात म्हणाले, "खाकी शर्टवाले काका हसत नाहीयेत!"

खारदांड्याचा दोस्त पप्पांपेक्षा सहा महिन्यांनी लहान होता.

"काका?" तो म्हणाला. "मी तुझा काका कधी झालो रे?" मग त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पप्पांकडे. त्या बावीसही जणांनी तरुणपणी कधी ना कधी सुकाणू धरलेलं होतं. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं ते त्यांना एका क्षणात कळलं. "ए, थांब. ऑर्डर ती देतेय. तू रिपीट मारतोयस. म्हणजे ब्रिजवर ती, आणि भिंत तुझ्यासमोर."

दोन महिने त्या माणसाने एका गोष्टीसाठी जिवाचं रान केलं आणि माझ्या एका शब्दाने मी ती घालवली. मला त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

पप्पांनी कॅमेऱ्यावरून हात काढला. "होय," ते म्हणाले. मग एरवी फक्त घरात बोलायचे त्या मालवणीत, "माका दिसना नाय."

दोस्त रांगेतून बाहेर आला आणि त्यांच्या अगदी समोर येऊन उभा राहिला. "मी दिसतो?"

"शर्ट दिसतो. थोबाड नाही."

"मग तुझं काहीच नुकसान झालेलं नाही."

आधी मागची रांग हसली, मग पुढची. पुढच्या रांगेतले एक जण कानाला हात लावून शेजाऱ्याला विचारत होते, "काय म्हणाला? काय म्हणाला?" शेजाऱ्याने कानात ओरडून सांगितलं, तसे ते उठून उभे राहिले. "अरे, तुला दिसत नाही तर मला ऐकू येत नाही! तीन वर्षं झाली. तुझ्या सगळ्या विनोदांना मी बाकीचे हसले की हसतो." पप्पा इतके हसले की त्यांना कॅमेऱ्याच्या तिकाटण्याला धरावं लागलं. हसता हसता त्यांचे डोळे वाहत होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

"ब्रिजवरच्या साहेबांना कॅमेरा दे," दोस्त म्हणाला, "आणि तू इकडे मर, आमच्यात."

पप्पा मधल्या खुर्चीत जाऊन बसले. मी कॅमेऱ्यातून पाहिलं. बावीस जण माझ्याकडे बघत होते आणि पप्पा बाजूच्या खिडकीकडे. कुणीतरी म्हणालं, "अरे, समोर बघ ना." मी म्हटलं, "राहू द्या. तिकडे बघितलं की त्यांना मी दिसते." फोटो मी काढला, तेव्हा मला स्वतःलाही नीट दिसत नव्हतं. कॅमेऱ्याने सांभाळून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पप्पा दुकानात आले ते कॅमेऱ्यामागे न जाता काउंटरजवळच्या खुर्चीत बसले. पहिलं गिऱ्हाईक समोरच्या बिल्डिंगमधल्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांना नातीच्या शाळेच्या फॉर्मसाठी स्वतःचा फोटो हवा होता. मी सवयीने "साहेब आहेत ना, बसा" म्हणणार होते, तेवढ्यात पप्पाच बोलले.

"बाई, मला आता समोरचा चेहरा दिसत नाही. फोटो सूनबाई काढते."

"ते ठाऊक आहे हो," बाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी पासपोर्टच्या फोटोत तुम्ही माझा डावा कान चौकटीबाहेरच ठेवलात. ऑफिसातून परत पाठवला त्यांनी."

पप्पा ताठ झाले. "मग माझ्याकडे परत का नाही आलात? मी दुसरा काढून दिला असता."

"परत आले असते तर तुम्हाला कळलं असतं ना, की मला कळलंय," बाई पर्समध्ये फणी शोधत सहज म्हणाल्या. "स्टेशनजवळ काढून घेतला एक. आमच्या बिल्डिंगमधले सगळे तसंच करतात. इथे काढायचा तो काढायचा, आणि हवा तर तिथे पुन्हा एक."

"सगळे?"

"चारही मजले."

मी पप्पांकडे बघायचं धाडस केलं नाही. आम्ही शटर ओढून उश्यांना दम देत होतो, आणि समोरची अख्खी बिल्डिंग वर्षभर पप्पांचं गुपित पप्पांपासून सांभाळत होती. तक्रार घेऊन आले ते एकटे नवे काका, ज्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पप्पांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसला आणि परत घातला.

"बसा," ते बाईंना म्हणाले, आणि उठून स्टूल स्वतः चाचपत दिव्याखाली सरकवलं. "आणि बिल्डिंगमध्ये सांगा, माझ्याकडून ज्यांचे बिघडले त्यांनी एकेक करून यायचं. सगळे परत काढणार. एकही सोडणार नाही."

मी बाईंचा फोटो काढला, दोन्ही कानांसकट. पुढचे तीन आठवडे समोरची बिल्डिंग रोज थोडी थोडी येत राहिली. पप्पा प्रत्येकाला विचारायचे, "तुमचं काय गेलं होतं?" आणि लोक हसत हसत सांगायचे. कुणाची टक्कल पडलेली टाळू, कुणाची हनुवटी, एका जोडप्यातला अर्धा नवरा. सगळ्यात शेवटी चौथ्या मजल्यावरचे आजोबा काठी टेकत आले. त्यांनी आपला जुना फोटो माझ्यासमोर ठेवला. तो स्वच्छ, नेमका, अगदी सरळ आलेला होता.

"आजोबा, हा तर छान आलाय," मी म्हटलं.

"हो, माझा चांगलाच आला होता," आजोबा स्टुलावर बसत म्हणाले. "पण सगळे येतायत, मी एकटा घरी बसून काय करू?"